ग्रंथालयांत ‘कोहा’ : आमच्या फर्मची वाटचाल

महाविद्यालयांच्या संगणक देखभालीपासून आम्ही सुरुवात केली. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा तपशील द्यावा लागायचा, त्यामुळे ग्रंथपाल सॉफ्टवेअरबद्दल विचारू लागले आणि आम्ही कोहाकडे वळलो. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआतल्या ग्रंथालयांसाठी तयार झालेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००० साली वापरात आलं. परवाना शुल्क नाही. आम्ही पैसे घेतो ते मांडणी, डेटा, प्रशिक्षण आणि वार्षिक देखभालीचे.

डेबियन या लिनक्स प्रणालीवर कोहा उभं करायला फार वेळ लागत नाही. कस लागतो तो जुन्या नोंदींत. प्रत्येक प्रतीचा दाखल क्रमांक ‘मार्क’ या ग्रंथनोंदींच्या प्रमाण आराखड्याच्या ९५२ क्षेत्रात बारकोड म्हणून जातो आणि तो दुबार चालत नाही. मराठी विभागाची वेगळी दाखल नोंदवही असेल तर तिथेही १ पासून आकडे असतात, म्हणून त्या आकड्यांपुढे ‘म’ऐवजी रोमन ‘एम’ लावून घेतो. बारकोडच्या पट्ट्यांत देवनागरी बसत नाही.

मराठी पुस्तकांची नावं जुन्या फाँटात असतील तर ती युनिकोडमध्ये आणावी लागतात. या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यामुळे कन्व्हर्टर नेमका तिथे चुकतो. ‘किर्लोस्कर’, ‘तत्त्वज्ञान’, ‘कोऱ्या’ असे शब्द शोधून तपासले की बराच घोळ सापडतो. ‘ॲ’ची गोष्ट अधिक फसवी. कुणी एकच अक्षर टाइप करतं, कुणी ‘अ’वर चंद्र देतं, पडद्यावर दोन्ही सारखी, पण शोधात वेगळी. आयात करण्याआधी सगळीकडे एकच रूप करतो.

एवढं करूनही मराठी शोध रिकामा आला तर कोहाचा शोध चालवणाऱ्या ‘झेब्रा’ची मांडणी बघावी. मुळातली अक्षरयादी युरोपीय लिप्यांसाठी आहे. त्याऐवजी ‘आयसीयू’ ही युनिकोडच्या सगळ्या लिप्या हाताळणारी पद्धत निवडून शोधाचा संपूर्ण निर्देशांक नव्याने बांधावा लागतो. हे काम पुस्तकं भरण्याआधी करावं, नाहीतर विद्यार्थी ‘पुस्तक नाही’ म्हणून परत जातो आणि पुस्तक कपाटातच असतं. आम्हाला हेच सर्वांत जास्त बोचतं.

रोजचा बॅकअप कोहा स्वतः घेतं, पण त्याच डिस्कवर. म्हणून दुसरी प्रत रोज वेगळ्या यंत्रावर पाठवतो, आणि दर सत्रात ती रिकाम्या संगणकावर उतरवून पाहतो. सर्व्हरचा पासवर्ड ग्रंथपालांकडे लेखी देतो. उद्या दुसऱ्या कुणाकडून देखभाल करून घ्यायची असली, तरी त्यांना आमच्या दारात यावं लागू नये.