नखाएवढी नजर

हात समोर ताठ करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका वेळी आपल्याला खरोखर लख्ख दिसतं ते साधारण तेवढंच. बाकी सगळं धूसर. पटत नाही ना? इतकं वाचूनही मला अजून मनातून पटलेलं नाही. मग याच ओळीतल्या एखाद्या शब्दावर नजर रोवा आणि ती न हलवता चार शब्द पलीकडचं वाचून दाखवा. तिथे अक्षरं आहेत हे कळतं, कोणती ते नाही. (नजर चोरून सरकतेच म्हणा. डोळा मोठा लबाड.)

ही सगळी करामत डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूची. तो जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा, आणि त्याच्या मध्यावर दीड मिलिमीटरचा एक खळगा. खळगा कशाला? तर पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागच्या बाजूला असतात आणि त्यांच्यापुढे चेतापेशींचे थर, रक्तवाहिन्या. रचना उलटीच म्हणायची! खळग्याच्या तळाशी मात्र हे थर बाजूला सरलेले असतात, रक्तवाहिन्या तिकडे फिरकत नाहीत, आणि प्रकाश जवळजवळ विनाअडथळा शंकुपेशींवर, म्हणजे भर उजेडात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींवर, पडतो. त्याही अशा खेटून बसलेल्या, की ऐन मध्यावर एका चौरस मिलिमीटरला दीड-दोन लाख. पडद्याच्या कडेला कितीतरी पेशींचा निरोप मिळून एका तंतूवरून जातो. इथे जवळजवळ प्रत्येकीची मेंदूकडे स्वतंत्र लाइन.

एवढे लाड पुरवलेली ही जागा अंधारात मात्र कुचकामी. मंद उजेडात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी तिच्या मध्यावर नाहीतच. म्हणून फिकट तारा शोधणारे आकाशनिरीक्षक त्याच्या किंचित बाजूला बघतात. थेट रोखून पाहिलं की तारा गायब! हे पहिल्यांदा करून बघताना आपलीच कुणीतरी थट्टा करतंय असं वाटतं.

मग दिवसाउजेडी सगळंच स्पष्ट कसं वाटतं? डोळे सेकंदाला साधारण तीनदा उडी मारतात, जिथे काम असेल तिथे तो खळगा नेऊन रोखतात, आणि तुकडे जोडून चित्र पुरं करण्याचं काम मेंदूवर सोपवतात. उडीदरम्यानचं फरफटलेलं दृश्य मेंदू आपल्यापर्यंत येऊच देत नाही. आरशासमोर उभं राहून आधी डाव्या आणि मग उजव्या बुबुळाकडे बघा. स्वतःचे डोळे हलताना काही केल्या दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला विचारा, त्याला ते व्यवस्थित दिसलेले असतात.