तुम्ही विचारलंत म्हणून: हलणारे पक्षी मोजता तरी कसे?

तळ्याकाठी दुर्बीण लावून उभं राहिलं की फिरायला आलेलं कुणीतरी थांबतंच. "किती आहेत?" हा पहिला प्रश्न. "साडेचारशे वारकरी" (काळ्या रंगाचे पाणपक्षी) असं उत्तर दिलं की लगेच पुढचा येतो, "पण ते तर सारखे बुडतात, उडतात, जागा बदलतात. मग मोजता कसे? शेवटी अंदाजच ना?"

अंदाज आहेच, पण नियमात बांधलेला. मोजणीत चूक राहतेच. ती दर खेपेला साधारण तेवढीच राहावी, यासाठी सगळी खटपट. एकदा सकाळी सातला पूर्वेच्या काठावरून दोन तास मोजलं आणि पुढच्या खेपेला दहा वाजता बांधावरून अर्धा तास, तर आकडा पक्ष्यांमुळे बदलला की आपल्यामुळे, हे कधीच कळणार नाही. म्हणून उभं राहायच्या जागा, वेळ आणि क्रम एकदा ठरला की तो मोडायचा नाही.

सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहावं, म्हणजे ऊन पाठीशी येतं. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी दिसतात आणि जात ओळखणं संपतं. शरद सरताना सूर्य क्षितिजाच्या जवळून येतो, त्यामुळे हा त्रास जास्त. पाण्यावर धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबावं. धुक्यात मोजलेला आकडा हा धुक्याच्या अलीकडचा आकडा असतो. वाऱ्याच्या दिवशी लाटांआड टिबुकली (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) दिसत नाही, म्हणून त्या दिवशीच्या नोंदीत वारा लिहायचाच.

तळ्याचे कप्पे पाडायचे. सीमा मात्र जागच्या जागी राहणाऱ्या खुणांवरून: पंपघर, बांधाचा कोपरा, बेटावरचं मोठं झाड. जलपर्णीची कड ही खूण नव्हे, ती रात्रीत सरकते. एका टोकाकडून दुसरीकडे मोजत जाताना मोजलेल्या कप्प्यातला पक्षी उडून पुढच्या कप्प्यात गेला, तर तिथं तो पुन्हा धरायचा नाही. पुढचा उडून मागं आला, तर धरायचा. हे जमण्यासाठी दोघं लागतात: एकाचा डोळा दुर्बिणीला, दुसऱ्याच्या हातात वही. पेन्सिलच वापरावी, दवानं शाई फुटते. हातातली दुर्बीण ८ गुणिले ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. पलीकडच्या काठासाठी ट्रायपॉडवरचा स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं पाहायची मोठी दुर्बीण हवी.

आता मोठा थवा. आधी १० पक्षी एकेक करून मोजायचे आणि त्यांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते पाहायचं. मग त्या मापानं ५०, त्यावरून १००, आणि तो शंभराचा तुकडा थव्यावर एकापुढे एक ठेवत जायचा. घोळ इथंच होतो. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो. मधल्या दाटीचं माप कडेला लावलं की आकडा फुगतो, कडेचं माप मध्ये लावलं की घटतो. दोन्हीकडे वेगळं माप घ्यायचं. सवय नसलेला डोळा मोठ्या थव्याला बहुधा कमीच धरतो. घरी काळ्या कागदावर मूठभर दाणे टाकून, पाच सेकंद पाहून आकडा लिहावा आणि मग खरोखर मोजावं. पंधरा दिवस रोज केलं की आपली चूक कोणत्या बाजूला आहे ते कळतं.

बुड्या मारणाऱ्यांचा हिशेब वेगळा. टिबुकली आणि लालसरी बदक यांच्या थव्यात कोणत्याही क्षणी काही जण पाण्याखाली असतात. तोच थवा चार-पाच वेळा मोजायचा आणि सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. सरासरी काढली तर बुडालेले कायमचे वगळले जातात.

थापटे बदकं चरताना पाहिलीत? वीस-पंचवीस जण गोल धरतात, पसरट चोची पाण्यात घालून एकामागे एक फिरतात आणि पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा गाळून घेतो. अशा चक्राच्या कडेनं मोजत गेलात तर सुरुवात कुठून केली तेच हरवतं. वेगळा दिसणारा एखादा नर खूण म्हणून धरावा, तो पुन्हा समोर यायच्या आत एक फेरी पूर्ण करावी. नाही जमलं, तर चक्र विसकटून बदकं रांगेत पोहू लागेपर्यंत थांबावं. अशी वेळ येतेच.

जात ओळखणं या दिवसांत अवघड. उत्तरेकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी नर बदकांचा रंगीत पिसारा झडतो आणि ते माद्यांसारखे तपकिरी दिसतात. थापट्याचा नर तर पूर्ण रंगात यायला फार वेळ घेतो. त्यामुळे नर किती, माद्या किती, या फंदात पडू नये. रंगापेक्षा आकार पाहावा: थापट्याची चोच, तलवार बदकाची लांब बारीक मान. गडवाल बदकाच्या पंखावरचा पांढरा चौकोन पोहतानाही बऱ्याचदा दिसतो. मान पाठीत खुपसून झोपलेलं बदक ओळखू येत नसेल तर "बदक, जात ठरली नाही: २३" असं लिहावं. बळेच जात चिकटवली की दोन आकडे बिघडतात.

मिश्र थव्यात आधी दुर्मीळ जाती एकेक मोजून बाजूला काढाव्यात. उरलेल्यांचा एकूण आकडा घ्यावा, मग वेगवेगळ्या तीन-चार ठिकाणी शंभर-शंभर पक्षी ओळखून प्रमाण काढावं. एकाच ठिकाणचे शंभर पुरत नाहीत, कारण एका जातीचे पक्षी एकत्र राहतात.

पाणकावळे, बगळे, कुरव यांची खरी संख्या संध्याकाळी कळते, मुक्कामाला येताना. सूर्यास्ताच्या तासभर आधी उभं राहून, येणाऱ्यांच्या वाटा वाटून घेऊन, अंधारात दिसेनासं होईपर्यंत मोजावं. हा आकडा सकाळच्या आकड्यात मिळवायचा नाही. तसंच १ नोव्हेंबरचे २०० आणि १५ नोव्हेंबरचे ३०० मिळून ५०० होत नाहीत. पहिल्या दोनशेतले कितीतरी पुन्हा मोजलेले असतात. ही चूक फार ठिकाणी दिसते आणि तिनं तळं खऱ्यापेक्षा भरलेलं वाटतं.

आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७पासून चालू आहे आणि ती मुख्यतः जानेवारीत होते, कारण तोवर पक्षी ठिकाणावर स्थिरावलेले असतात. शरदाच्या अखेरीस मात्र काही उतरतात, काही आठवडाभर थांबून पुढं जातात. एकाच मोजणीवर भिस्त ठेवली तर हे येणं-जाणं निसटतं. दर पंधरवड्याला, ठरल्या दिवशी मोजावं. शेजारी दुसरं तळं असेल तर दोन्हीकडे एकाच सकाळी, नाहीतर तोच थवा दोन वह्यांत जातो.

वहीत मोजलेलं आणि अंदाजलेलं वेगळं ठेवावं. १३७ म्हणजे एकेक मोजलेले. तुकड्यांनी मोजलेले "सुमारे ४००, ३५० ते ४५०". जलपर्णीत लपणाऱ्या पाणकोंबड्यांपुढे "किमान" लिहावं. पाण्याची पातळी लिहावी: वीतभर पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि चिखलातले पक्षी एकदम वाढतात. लोक खायला टाकत असतील तर तेही. आणि जी जात शोधूनही दिसली नाही, तिच्यापुढे ० लिहावा. रिकाम्या जागेवरून दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कळणार नाही, की ती नव्हती की कुणी पाहिलंच नाही.

सुरुवात करायची असेल तर वारकऱ्यांपासून करा. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, लांबूनही चुकत नाही. सकाळभर ते सगळ्या तळ्यावर विखुरलेले असतात, पण दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत घिरट्या घालत आला की शेकडो वारकरी पाणी उडवत एका ठिकाणी गोळा होतात. ते थोडा वेळ तसेच राहतात, तेवढ्यात मोजून घ्या.