राजहंसगड, रणरणतं ऊन आणि साडेतीनशे ग्रॅमची सॅक

हलकी सॅक घेतली की पहिला ट्रेक थंडीत करायचा मोह होतो. पण पाठीला घाम न येणाऱ्या दिवसांत सॅकबद्दल काय कळणार? म्हणून मुद्दाम एप्रिल निवडला आणि वाटही सावली नसलेली: वडगाव, येळ्ळूर, राजहंसगड, पलीकडे देसूर आणि मच्छे-पिरनवाडी करत परत बेळगाव. सगळं मिळून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. जवळजवळ सगळीकडे डांबरी रस्ता आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही, पण ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं.

सॅक 22 लिटरची, पातळ रिपस्टॉप (चीर पुढे पसरू न देणाऱ्या विणीच्या) नायलॉनची. आत फ्रेम नाही, पाठीला जाळी नाही, कमरेला नुसती नावाला पट्टी. वजन जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. त्यात तीन लिटर पाणी, दशम्या, काकड्या, टोपी, पंचा, पॉवर बँक असं भरल्यावर पाठीवर पाचेक किलो झाले. म्हणजे सॅकचं वजन वाचवून मिळवलेलं सगळं पाण्याच्या एका अर्ध्या बाटलीत जातं. उन्हाळ्यात मला कापडाच्या ग्रॅमपेक्षा पाणी कुठे ठेवायचं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

येळ्ळूरपर्यंत काही जाणवलं नाही. ज्या शिवारात पावसाळ्यात बासमती डोलतो ती एप्रिलमध्ये भेगाळलेली असते, पण सकाळी वारा असतो. गावात चहा घ्या, बाटल्या काठोकाठ भरा. गडावर पाणी मिळेलच असं धरून चालू नका.

खरी परीक्षा गडाच्या चढाला झाली. बाटल्या दोन्ही बाजूंच्या खिशांत ठेवल्या होत्या. डावीकडची संपत आली तशी सॅक उजवीकडे ओढू लागली आणि उन्हातल्या बाटलीतलं पाणी चहाला टाकावं इतकं तापलं. मग एका झाडाखाली सगळं उपसून पुन्हा भरलं. बसायला घेतलेली फोमची घडी पाठीकडून उभी सरकवली, भरलेली बाटली पंच्यात गुंडाळून मधोमध, खांद्यांच्या रेषेत ठेवली आणि बाहेर फक्त हाताशी लागणारी छोटी बाटली. पाठीत टोचणारी पॉवर बँक फोममागे गेली. सॅक लगेच शहाण्यासारखी वागू लागली. तिथे गुरं घेऊन निघालेल्या मावशींनी हा सगळा पसारा बघितला आणि विचारलं, "एवढ्या उन्हाचं कुठं चाललाय गा? गडावर गाडी जाते की!"

जाते. सरळ दारापर्यंत रस्ता आहे. वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. त्याचं 2023 च्या मार्चमध्ये दोनदा लोकार्पण झालं होतं, तो किस्सा इथे कुणालाही विचारा. तटावरून बेळगाव शहर आणि खानापूरकडचे डोंगर दिसतात. दुपारी तिथे थांबण्यात अर्थ नाही. नऊच्या आत वर पोचा आणि उन्हं चढायच्या आत उतरायला लागा.

उतरल्यावर खांद्याचे पट्टे बघितले. काळ्या पट्ट्यांवर मिठाच्या पांढऱ्या नागमोडी रेषा उमटल्या होत्या, कडेच्या शिवणीत तर खडेच. हे घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या वेळी तीच कड मान सोलते. पट्टे रुंद आहेत, पण आतलं पॅडिंग पातळ, त्यामुळे दुपारनंतर खांदा जाणवू लागतो. छातीची पट्टी लावली की बराच फरक पडतो. पाठ मात्र ओलीचिंब होतेच. जाळीवाल्या सॅकला हवा लागते हे खरं, पण तशा सॅक बहुधा जड असतात. मी फोमवर समाधान मानलं. खांद्यावरच्या खिशात मोबाईल ठेवू नका. उन्हात तापून तो बंद पडतो, आणि नेमका नकाशा हवा असतो तेव्हाच.

देसूरला पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. पुढचा खानापूर रस्ता म्हणजे ट्रक, धूळ आणि हॉर्न. मी सॅकच्या हट्टापायी तो चाललो, तुम्ही देसूर फाट्यावरून बस पकडा. पाणी तीन लिटरच्या खाली नको, त्यातल्या एका लिटरात लिंबू-मीठ-साखर घाला. सॅक अठरा ते बावीस लिटरचीच घ्या, मोठी घेतली की रिकामी जागा भरायला काहीतरी सुचतंच. आणि दुकानात बघताना ती रिकामी पाठीला लावून काहीच कळत नाही. तीन भरलेल्या बाटल्या सोबत न्या, आत टाका, पाच मिनिटं दुकानातच फिरा. दुकानदार बघत राहील, बघू दे.