आमची वाटचाल: वाईट बातमी सर्वांत आधी

यंत्रांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना लहान आहे. सुरुवात एका जुन्या लेथवर, जॉबवर्कने झाली. पुढे संगणकावर चालणारी सीएनसी मशीन आली, माणसं वाढली आणि मी मशीनवरून उठून टेबलावर बसलो. खरा प्रश्न तिथे सुरू झाला. मशीनवर उभं असताना धातू कापणारं टूल झिजलं की आवाजावरूनच कळतं. टेबलावर तो आवाज पोहोचत नाही, कुणीतरी येऊन सांगावं लागतं. आणि मालकाला वाईट बातमी सांगायला सहसा कोणी धजत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनाही हेच भोवतं. अ‍ॅलन मुलाली २००६ मध्ये बोइंग सोडून फोर्डचे प्रमुख झाले. त्या वर्षी फोर्डचा तोटा १२ अब्ज डॉलरच्या वर गेला. तरीही दर आठवड्याच्या आढावा बैठकीत अधिकाऱ्यांच्या तक्त्यांवर सगळीकडे हिरवा रंग, म्हणजे सगळं आलबेल! अखेर त्यांच्यातल्याच मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या कामापुढे लाल रंग, म्हणजे काम अडल्याची खूण, दाखवली. खोलीत सन्नाटा पसरला. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यांना मदत कोण करू शकेल, असं विचारलं. पुढच्या बैठकांमध्ये इतरांचेही तक्ते खरे रंग दाखवू लागले. हेच फील्ड्स २०१४ मध्ये फोर्डचे प्रमुख झाले. माझ्या मते नेतृत्वाची कसोटी त्या टाळ्यांत आहे. भाषणं कुणालाही जमतात.

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला अडचण दिसली की तो दोरी ओढतो. दोरी ओढली की लगेच लाइन थांबते असं नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच काम थांबतं. दोरीपेक्षा ते धावत येणं मला मोलाचं वाटतं.

आम्ही प्रत्येक मशीनजवळ एक लाल ट्रे ठेवला. शंका आलेला जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, त्यात टाकायचा, आणि सकाळची उभ्या-उभ्या होणारी बैठक त्या ट्रेपासूनच सुरू करायची. एका डिस्पॅचच्या वेळी टेम्पो दारात उभा होता. तेवढ्यात भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू, जी सहज आत जायला हवी, ती बोअरमध्ये (भागातल्या भोकात) अडखळू लागली. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजून बोअर लहान भरत होता. ऑपरेटरने कुणालाही न विचारता मशीन बंद केली. शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरचा सगळा माल पेट्यांतून काढून पुन्हा तपासला, आणि उशीर होणार हे मी स्वतः ग्राहकाला फोन करून कळवलं. ग्राहक चिडला, ते साहजिकच होतं. पण त्याच्या असेंब्लीवर एकही खराब नग गेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्या ऑपरेटरचं नाव मी सगळ्यांसमोर घेतलं.

नुसत्या ट्रेने मात्र हे जमलं नसतं. इन्सेंटिव्ह फक्त नगांवर असेल, तर मशीन थांबवणाऱ्याच्याच खिशाला चाट बसते. मग खरं कोण बोलणार? म्हणून आम्ही इन्सेंटिव्हमध्ये चांगल्या मालाचं प्रमाण धरलं. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांमधलं आठवं तत्त्व भीती घालवण्याचं आहे, आणि भीती बहुतेक वेळा पगाराच्या हिशेबात दडलेली असते, असं माझं ठाम मत आहे.

बातमी वरून खालीही गेली पाहिजे. कुणाचं पेमेंट अडकलंय, खेळतं भांडवल किती उरलंय, हे आमच्या सुपरवायझरना माहीत असतं. त्यामुळे टूलची खरेदी पुढे ढकलली तर कारण सांगत बसावं लागत नाही.

सध्या एका मोठ्या ऑर्डरची चौकशी आली आहे. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आमच्या आजवरच्या कामापेक्षा कडक आहेत. ट्रायलचे पीस काढून मशीन लावून देणारी सेटर मंडळी काय म्हणतात ते ऐकू, मगच कोटेशन पाठवू.