विश्वास आहे म्हणून रडायचं नाही का?

माय गेल्यापासून घरी येणारा जवळपास प्रत्येकजण म्हणतो, रडू नको, ती प्रभूजवळ गेली. प्रेमानेच म्हणतात सगळे. नवापूरकडचे नातेवाईक एसटीने आले, चर्चच्या मंडळीतल्या बायांनी भाकऱ्या करून आणल्या, रात्रभर गाणी म्हटली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण रडू नको हे काही मला पटत नाही.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात बघा ना, लाजरला कबरेत ठेवून ४ दिवस झालेले, येशूने लाजरच्या बहिणीला, मार्थाला, आधीच सांगितलंय की तुझा भाऊ पुन्हा उठेल, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला माहीत आहे, तरी दुसऱ्या बहिणीला, मरीयेला, रडताना बघून तो स्वतः रडला!

प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं तेपण असंच, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका असं नाही लिहिलं त्याने (दफनाच्या वेळी पाळकांनी हेच वाचलं). ख्रिस्त उठला म्हणून माझी माय पण उठेल, यावर माझा पक्का विश्वास आहे. तरी कळण्याची भाकरी थापताना हात थांबतोच.

दुःखाच्या घरी जाल तर वचन वाचा, प्रार्थना करा, पण आधी जरा बसा आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारा. माझी मावशी मायच्या लग्नातल्या गोष्टी सांगत बसली, आम्ही दोघी खूप रडलो, मग ३४वं स्तोत्र वाचलं, परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो ते. येत्या रविवारी तिला परत बोलावलंय.