भरीव की पोकळ?

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे संगीत वाजवता?’ रॉक म्हटले की भिंतीवरून सॉलिड बॉडी, म्हणजे सलग लाकडाच्या भरीव अंगाची गिटार खाली उतरते. जॅझ म्हटले की व्हायोलिनसारख्या दोन नागमोडी खाचा असलेली, पोकळ आणि फुगीर हॉलो बॉडी पुढे केली जाते. ज्याला धड उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती बहुधा बेताच्या किमतीची भरीव गिटारच येते. मुंबईत धोबी तलावाच्या आसपासच्या दुकानांत हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि दरवेळी मला मध्येच तोंड घालावेसे वाटते. प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तुम्ही किती मोठ्याने वाजवणार, हे आधी विचारायला हवे.

या दोन जातींमधला भेद मुळात संगीतप्रकारांतून निर्माण झालेलाच नाही. तो आवाजाच्या पातळीतून निर्माण झाला. अमेरिकेत 1920 आणि 1930च्या दशकांत नृत्यसंगीताचे वाद्यवृंद मोठे होत गेले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गदारोळात गिटारवाला बिचारा ताल धरून बसलेला असे, आणि तो थांबला तरी प्रेक्षकांना पत्ता लागला नसता. गिब्सन कंपनीने 1922मध्ये एल-5 ही गिटार काढली. तिची वरची फळी कमानदार होती आणि गोल छिद्राऐवजी तिला व्हायोलिनच्या धर्तीवरच्या खाचा होत्या. त्यामुळे आवाज थोडा पुढे फेकला जाऊ लागला, तरी लाकडाच्या पेटीतून निघणाऱ्या आवाजाला मर्यादा होतीच. ती ओलांडली गेली ती लोहचुंबकामुळे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे गुंडाळायचे आणि ती गुंडाळी पोलादी तारांखाली बसवायची. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, गुंडाळीत क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर त्याला हवे तेवढे बळ देतो. जॉर्ज बोशाम्प आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1932मध्ये या तत्त्वावरची गिटार बाजारात आणली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार होती, तिचे अंग ओतीव अॅल्युमिनियमचे होते आणि आकारावरून तिला लोकांनी ‘फ्राइंग पॅन’ हे नाव दिले. म्हणजे बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार भरीव होती, आणि तिच्यात लाकडाचा पत्ताही नव्हता. (आपल्याकडे एका पिढीने ‘इलेक्ट्रिक गिटार’ हे शब्द प्रथम वाचले तेही याच मांडीवरच्या भावंडामुळे, व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या घराघरांत होत्या.)

गळ्यात अडकवून वाजवायच्या गिटारीच्या बाबतीत मात्र पेटी सोडून द्यायला कोणाचे मन धजेना. गिब्सनने 1936मध्ये ईएस-150 आणली, ती म्हणजे पोकळ गिटारच, फक्त तिच्यावर पिकअप, म्हणजे हीच चुंबकाची गुंडाळी, बसवलेला. चार्ली ख्रिश्चन हा तरुण वादक 1939मध्ये ती घेऊन बेनी गुडमनच्या वृंदात दाखल झाला आणि सॅक्सोफोनवाल्याने वाजवावी तशी सुटी, सलग स्वरमालिका गिटारवर वाजवू लागला. पंचविसाव्या वर्षी, 1942मध्ये, क्षयाने त्याचा मृत्यू झाला. पण तोवर गिटार मागच्या रांगेतून पुढे आली होती. नेमकी तेथूनच पोकळ गिटारीची खरी अडचण सुरू झाली. अॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला की तो समोरच्या गिटारीच्या फळीवर आदळतो, फळी थरथरू लागते, फळीमुळे तारा थरथरतात, पिकअप ती थरथर पुन्हा अॅम्प्लिफायरकडे पाठवतो आणि या चक्रातून एक घोगरा, न थांबणारा हुंकार निर्माण होतो. मंगल कार्यालयात ध्वनिवर्धकासमोर माइक धरला की जी किंकाळी उठते, तिचेच हे जाडसर रूप. जी फळी हलावी म्हणून कारागिराने पातळ तासलेली असते, तीच येथे वैरीण होते.

लेस पॉल या वादकाने 1940च्या सुमारास यावर काढलेला उपाय मला फार आवडतो, कारण त्यात शास्त्र आणि मिस्कीलपणा सारखाच आहे. न्यूयॉर्कमधल्या एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात त्याने पाइन लाकडाचा चार इंच रुंद आणि चार इंच जाड ओंडका घेतला, त्याला गिटारीची मान जोडली आणि वर पिकअप बसवले. वाद्य चोख वाजत होते, पण ते हातात घेऊन तो लोकांसमोर गेला तेव्हा कोणी फारशी दाद दिली नाही, असे तो पुढे सांगत असे. मग त्याने एका पोकळ गिटारीचे दोन भाग करून ते ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले, आणि तेच वादन ऐकून लोक खूश झाले. पंखांचा आवाजाशी काही संबंध नव्हता. ते डोळ्यांसाठी होते. गिब्सननेही ती कल्पना तेव्हा नाकारली. मन वळले ते कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरमुळे. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला वाटते, त्यामुळेच त्याला पेटीबद्दल काही ममत्व नव्हते. सपाट फळीचे अंग आणि त्याला स्क्रूने आवळलेली मान, अशी गिटार त्याने 1950मध्ये विकायला काढली. तिचे नाव ब्रॉडकास्टर होते. पण ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम आधीपासून बाजारात असल्याने 1951मध्ये ते बदलून टेलिकास्टर झाले. त्यानंतर 1952मध्ये गिब्सनने स्वतःची भरीव गिटार आणली आणि तिला नाव दिले तेही लेस पॉलचेच.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे भरीव गिटार हे आवाज सुधारण्यासाठी नव्हे, तर पेटीचे तोंड बंद करण्यासाठी केलेले वाद्य आहे, हे स्पष्ट होते. त्यातून जो स्वर मिळाला, तो नंतर लोकांना आवडला ही गोष्ट वेगळी. भरीव लाकूड तारेची ऊर्जा फारशी घेत नाही, म्हणून तार अधिक वेळ थरथरत राहते आणि स्वर लांबतो. पोकळ गिटारीत हलकी फळी तारेकडून ऊर्जा काढून घेते आणि हवेला देते. त्यामुळे स्वराचा आरंभ ठसठशीत, किंचित लाकडी ठोक्यासह होतो आणि स्वर लवकर विझतो. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या मराठी श्रोत्याला हे उलटे वाटण्याची शक्यता आहे, कारण मिरजेचा भोपळा म्हणजे पोकळी आणि पोकळी म्हणजे दीर्घ गुंजन, असे समीकरण आपल्या मनात बसलेले असते. पण तंबोऱ्याचा अखंडपणा बराचसा जवारीचा, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेच्या झणत्काराचा, आणि एकीमागून एक छेडल्या जाणाऱ्या चार तारांचा असतो. गिटारवर चार-पाच स्वरांचा गुंतागुंतीचा कॉर्ड वाजवून लगेच दुसऱ्याकडे जायचे असेल, तर आधीचा कॉर्ड वेळेवर बाजूला होणे हा मोठाच गुण ठरतो. जॅझवादक वेस माँटगोमेरीचे अंगठ्याने वाजवलेले एल-5वरचे वादन ऐकताना ही गोष्ट कानांना थेट कळते.

तरीही ‘जॅझला पोकळ, रॉकला भरीव’ हा नियम मी मानत नाही, कारण वादकांनीच तो कधी मानला नाही. कॅनडाच्या एड बिकर्टने अत्यंत तलम जॅझ टेलिकास्टरवर वाजवले. रॉक अँड रोलवाल्या चक बेरीच्या हातात गिब्सनच्या खाचांच्या गिटारी असत, बीटल्सपैकी तिघांनी एपिफोनची कसिनो ही आतून पूर्ण पोकळ गिटार वापरली आणि टेड न्यूजंटने तर कानठळ्या बसवणारे रॉक गिब्सनच्या बर्डलँड या पोकळ गिटारीवर वाजवले, तिचा हुंकार ताब्यात ठेवून आणि त्यालाच कामाला लावून. उलट, पोकळीचा स्वर हवा पण हुंकार नको, अशांनी काय काय केले तेही पाहण्यासारखे आहे. कंट्री संगीतातला वादक चेट अॅटकिन्स याच्या नावाने ग्रेचने काढलेल्या कंट्री जंटलमन या गिटारीवर कित्येक वर्षे खाचा कोरलेल्या नव्हत्या, नुसत्या रंगवलेल्या होत्या. ब्लूजवादक बी. बी. किंगच्या ‘ल्युसिल’ या गिटारीचे जे मॉडेल गिब्सनने 1980मध्ये काढले, त्यात तर खाचा ठेवल्याच नाहीत.

या दोन टोकांमधला सर्वांत शहाणा तोडगा म्हणजे 1958ची गिब्सन ईएस-335. तिच्या दोन्ही बाजू पोकळ आहेत, पण मधोमध मानेपासून शेपटापर्यंत लाकडाचा सलग ठोकळा आहे. म्हणजे लेस पॉलचा ओंडका, आता नीट कपडे घालून आलेला. जाडीही बेताची, त्यामुळे हात आखडत नाही. ज्याला आठवड्याला एकदा तरी मंचावर उभे राहायचे आहे आणि दोन गिटारी बाळगणे परवडत नाही, त्याने फार विचार न करता या जातीची गिटार घ्यावी, असे मी सुचवीन. माझी तक्रार एवढीच की, मधला ठोकळा फळीला मोकळेपणाने हलू देत नाही, त्यामुळे अॅम्प्लिफायरशिवाय वाजवताना ती थोडी अबोल वाटते.

मला या अबोलपणाचे महत्त्व वाटते, कारण मी मंचावर वाजवत नाही. मी फ्लॅटमध्ये, एका छोट्या अॅम्प्लिफायरवर, शेजाऱ्यांच्या सहनशक्तीच्या आत राहून वाजवतो. या पातळीवर पोकळ गिटार हुंकारत नाही. ज्या दोषापायी 1950मध्ये अख्खी पेटी मोडीत काढावी लागली, तो दोष माझ्या घरात उद्भवतच नाही. मग त्या दोषावरच्या औषधाची किंमत मी का मोजावी? शिवाय भरीव गिटार न जोडता वाजवली तर तिचा आवाज डासाच्या गुणगुणण्यापलीकडे जात नाही. वायर शोधा, खटका दाबा, हेडफोन लावा, एवढे सोपस्कार झाल्याशिवाय ती बोलत नाही, आणि कामावरून आल्यावरच्या मोकळ्या वीस मिनिटांत हे सोपस्कारच आड येतात. पोकळ गिटार सोफ्यावर बसल्या बसल्या उचलली की वाजते. मध्यरात्री वाजवणाऱ्याने मात्र भरीवच घ्यावी. घरातली माणसे झोपलेली असताना डासाएवढा आवाज हे वरदान असते.

राहता राहिली हवा. मुंबईच्या आणि कोकणाच्या पावसाळ्यात पातळ लाकूड ओल पिऊन फुगते आणि हिवाळ्यात आकसते. भरीव फळीला याचे फारसे काही वाटत नाही, पोकळ पेटीला वाटते. येथे एक गैरसमज आड येतो, तो म्हणजे थरांचे लाकूड, अर्थात प्लायवूड म्हणजे फसवणूक. गिब्सनने 1949मध्ये आणलेली, जॅझवाल्यांची लाडकी ईएस-175 थरांच्याच मेपलची होती. थरांची फळी कमी हलते, म्हणून कमी हुंकारते, आणि ऋतुमानानुसार कमी फुगते. आपल्या हवेत मला तीच अधिक विश्वासाची वाटते. मानेवरच्या पट्टीची काळजी त्यामानाने कमी करावी लागते. ती बऱ्याचदा आपल्याच शिसवीची असते. 2017मध्ये शिसवीच्या साऱ्या कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा काही उत्पादक स्वस्त गिटारींसाठी इंडियन लॉरेलकडे, म्हणजे सह्याद्रीतल्या ऐनाच्या जातीकडे वळले. पाऊस या झाडांना नवा नाही.

तेव्हा माझा कल आता पातळ अंगाच्या, मधला ठोकळा नसलेल्या, थरांच्या लाकडाच्या गिटारीकडे आहे. कसिनोच्या घडणीची एखादी. दुकानात गेल्यावर ती आधी न जोडता वाजवून पाहायची आणि मग घरी असतो तेवढ्याच आवाजावर. दुकानदार उत्साहाने अॅम्प्लिफायरचे बटण पुढे फिरवतो, तेव्हा त्याला हात धरून थांबवावे लागते, कारण त्या पातळीवर भरीव गिटार नेहमीच जिंकणार. खरेदी मात्र दिवाळीनंतर करायची. पावसाळाभर दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या गिटारीची मान वाकली असेल, सांधा सुटला असेल किंवा फळी ब्रिजखाली, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीखाली, बसली असेल, तर तोवर ते डोळ्यांनी दिसते आणि भावही थोडा खाली आणता येतो.