आज दीपकचे पाइप लागले

आयएनएस दीपक, आपल्या नौदलाचं इंधनवाहू जहाज. इटलीत बांधलेलं, जानेवारी २०११मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालेलं. खरी लांबी १७५ मीटर. १:३५० प्रमाणात माझ्या टेबलावरचं त्याचं मॉडेल बरोबर ५० सेंटिमीटर. डेकवरचा माणूस जेमतेम ५ मिलिमीटरचा!

आज दिवसभर फक्त तेल देणारे पाइप केले. भर समुद्रात दोन जहाजं शेजारी शेजारी एकाच वेगानं चालतात, मधल्या ताणलेल्या तारेवरून पाइप पलीकडे जातो आणि तारेखाली झोळासारखा लोंबतो. तो झोळच जमेना. काळ्या दोऱ्याला फेव्हिकॉल लावून टाचण्यांवर वाळवला, तीनदा तोडला. चौथ्यांदा, दिवेलागणीला, बसला एकदाचा. युद्धनौकांची मॉडेलं पुष्कळ जण करतात; पण त्यांना समुद्रात टिकवून धरणारं हे जहाज मला जास्त जवळचं वाटतं. बाबा भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते.

उद्या रेलिंग, तांब्याच्या तारेचं.